काळ्या मातीत चालणारा मेटल डिटेक्टर

आर्डुइनोवर, म्हणजे प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डवर, मेटल डिटेक्टर जोडणं फारसं अवघड नाही. सोलापुरात तो शेतात नेला, की खरी गंमत सुरू होते. इथली काळी माती बेसॉल्टची झीज होऊन बनलेली आहे. तिच्यात मॅग्नेटाइट या चुंबकाला चिकटणाऱ्या लोह-खनिजाचे बारीक कण असतात आणि डिटेक्टरला ते लोखंडच वाटतात. खात्री करायची तर चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या मातीत फिरवा. पिशवीला काळी पूड चिकटते, ती हीच. वर मे महिन्याचं ऊन आहेच. सर्किट निवडतानाच या दोन्हींचा विचार केलेला बरा.

तत्त्व थोडक्यात असं: तारेची कॉइल आणि कपॅसिटर मिळून ठराविक वारंवारतेची आंदोलनं तयार होतात. कॉइलजवळ पितळ, तांबं किंवा ॲल्युमिनियम आलं, की त्यात एडी करंट, म्हणजे भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह, फिरतात, कॉइलचा इंडक्टन्स (करंटमधल्या बदलाला होणारा विरोध) घटतो आणि वारंवारता वाढते. लोखंडी खिळा आणला तर इंडक्टन्स वाढून वारंवारता उतरते. मात्र पत्र्याचं सपाट झाकण पुष्कळदा पितळेसारखं वागतं, कारण रुंद पत्र्यात एडी करंटच वरचढ ठरतात. त्यामुळे 'धातू ओळखतो' असल्या दाव्यांवर फार विसंबू नका.

कॉइलसाठी २६ गेजची इनॅमल्ड वाइंडिंग वायर घ्या. १५ सेंटिमीटर व्यासाच्या डब्याभोवती ४० वेढे घ्यायला सुमारे १९ मीटर तार लागते. वजन ३० ग्रॅमच्या आतच भरतं. यंत्रमागांच्या या गावात मोटर रिवाइंडिंगची दुकानं शोधावी लागत नाहीत. तिथं ही तार वजनावर मिळते, ५० ग्रॅम मागा. इंडक्टन्स साधारण ०.५ मिलिहेन्री येतो. वेढे दोऱ्यानं घट्ट बांधून वर वार्निश किंवा इपॉक्सी लावा. एक वेढा जरी सैल राहिला, तरी दांडा हलला की बझर ओरडणार.

आता कॉइलवर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा, पण एक सेंटिमीटरची फट सोडून. फॉइलची दोन टोकं एकमेकांना टेकली तर तो शॉर्ट झालेला वेढा होतो आणि डिटेक्टर बहिरा होतो. फॉइलला सोल्डर धरत नाही. तिच्यावर उघडी तांब्याची तार गुंडाळा, चिकटपट्टीनं दाबा आणि ती तार ग्राउंडला जोडा. हे कवच नसेल तर ओलं गवतसुद्धा धातू म्हणून वाजतं.

आंदोलनं तयार करणारं सर्किट, म्हणजे ऑसिलेटर, कोलपिट्स जातीचा. बीसी ५४७ ट्रान्झिस्टरचा एमिटर ग्राउंडला, कलेक्टरवर ५ व्होल्टकडून १ किलोओहम, कलेक्टर ते बेस ४७ किलोओहम. कॉइलचं एक टोक कलेक्टरला, दुसरं ०.१ मायक्रोफॅरडमधून बेसला. कॉइलच्या दोन्ही टोकांपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा एकेक कपॅसिटर. वारंवारता ३२ किलोहर्ट्झच्या आसपास येते. कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचेच घ्या. स्वस्तातले सिरॅमिक डिस्क उन्हात इतके सरकतात, की पुढची सगळी मेहनत पाण्यात.

कलेक्टरवरची लाट १० नॅनोफॅरडमधून लाटेला चौकोनी करणाऱ्या ७४एचसी१४ चिपच्या इनपुटला द्या. त्या इनपुटला १०० किलोओहमचे दोन रोध, एक ५ व्होल्टला, एक ग्राउंडला. आउटपुट थेट आर्डुइनोच्या उनो किंवा नॅनो बोर्डच्या ८ क्रमांकाच्या पिनवर.

ही पिन का, ते नीट समजून घ्या. बहुतेक जण ठराविक वेळेत किती लाटा आल्या ते मोजतात. ०.१ सेकंदात ३,२०० लाटा येतात. एका लाटेची चूक म्हणजे १० हर्ट्झ, आणि थोड्या खोलीवरच्या नाण्यानं होणारा बदल तेवढ्यातच बुडतो. उलट मोजा: ३,२०० लाटांना किती वेळ लागला? ८ क्रमांकाची पिन टायमर १ च्या इनपुट कॅप्चरची आहे, म्हणजे लाट आली त्या क्षणीचा घड्याळाचा आकडा तिथं टिपला जातो. १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर तेवढ्या वेळात सुमारे १६ लाख ठोके पडतात, म्हणजे ०.०२ हर्ट्झचा फरकही कळतो. दर कॅप्चरला मागच्या आकड्याशी वजाबाकी करून ३२ बिटी बेरजेत टाकायची. बेरीज वाचताना इंटरप्ट (चालू काम थांबवून मध्येच येणारी हाक) क्षणभर बंद ठेवा. आठ बिटी चिप ती चार तुकड्यांत वाचते; मध्येच आकडा बदलला तर अधूनमधून भलतीच संख्या येते.

इतकी बारीक मोजणी असली, की तापमानही दिसू लागतं. पॉलिप्रॉपिलीनची क्षमता दर अंशाला लाखात सुमारे २० भागांनी बदलते. मोजलेला वेळ त्याच्या निम्म्यानं बदलतो; १६ लाखांत ते १६० ठोके झाले! शिवाय उनोचं घड्याळ सिरॅमिक रेझोनेटरवर चालतं, तेही तापतं. म्हणून शून्य, म्हणजे धातू नसतानाचा आकडा, एकदाच पक्कं करू नका. दर मोजणीला ते नव्या आकड्याकडे फरकाच्या पन्नासाव्या भागानं सरकू द्या. याचा तोटा एवढाच, की कॉइल नाण्यावर थांबवली तर आवाज विरतो. ती फिरतीच ठेवायची. जमिनीपासून उंचीही तीच राखा. हात खाली गेला की काळी माती लोखंडाचा इशारा देते. किती फरकाला बझर वाजवायचा तो उंबरठा ठरवण्यासाठी मातीवर मिनिटभर कॉइल फिरवून सर्वांत मोठी चढउतार बघा आणि तिच्या तिप्पट ठेवा.

दांडा पीव्हीसीचा, कॉइलजवळ स्क्रू नको. सेल आणि बझर दोन फूट वर बांधा. पॉवर बँक इतक्या कमी करंटला स्वतःच बंद पडते. सहा पेन्सिल सेल बरे. चाचणीला पिवळं ५ रुपयांचं नाणं घ्या, स्टीलचं नको, आणि लोखंडी टेबलावर तर मुळीच नको.

तळहाताएवढी खोली मिळाली तरी समाधान माना. गारमेंट कारखान्यातल्या तुटक्या सुईचा तुकडा याला सापडणार नाही; त्याची यंत्रं वेगळी. आणि सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यासारख्या संरक्षित वास्तूच्या आवारात खणायचं नाही. दुसरीकडं कुठं जमिनीत १० रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन लागलं, तर १८७८ च्या कायद्यानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.