भावनांच्या तीव्रतेचे मापन: पार्श्वभूमी

एकाच बातमीने एक माणूस दिवसभर हरखून जातो, तर दुसरा 'बरं झालं' म्हणून कामाला लागतो. हा फरक सर्वांच्या परिचयाचा असला तरी तो आकड्यांत मांडण्याचा प्रश्न मानसशास्त्राने बराच उशिरा हाती घेतला. प्रकाश किंवा वजन यांची जाणीव किती प्रखर असते, याच्या मापनाचा पाया जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव फेख्नर यांनी १८६० मध्येच घातला होता. मात्र तिथे बाहेरचा उद्दीपक, म्हणजे जाणीव जागवणारा प्रकाश किंवा वजन, मोजता येत असे, आणि भावनेच्या बाबतीत ती सोय नव्हती.

खरी चालना मिळाली ती एका कोड्यामुळे. सुखद आणि दुःखद भावना परस्परविरोधी नसून जवळपास स्वतंत्र आहेत, म्हणजे एकीच्या प्रमाणावरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही, असे अमेरिकन संशोधक नॉर्मन ब्रॅडबर्न यांनी १९६९ मध्ये मांडले. हे अनुभवाशी जुळेना, कारण माणूस अत्यंत आनंदात असताना त्याच वेळी खिन्न सहसा नसतो. मानसशास्त्रज्ञ एड डिनर, रँडी लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये त्याची उकल सुचवली. त्यांनी लोकांकडून रोजच्या मनःस्थितीच्या नोंदी घेतल्या आणि चांगले दिवस किती आले, हा हिशेब त्या दिवसांत आनंद किती उत्कट होता, या हिशेबापासून वेगळा काढला. ज्यांचा आनंद उत्कट, त्यांचे दुःखही उत्कट असल्याचे दिसले. एकाची वारंवारता वाढली की दुसऱ्याची घटते, तीव्रता मात्र दोन्हींना एकदमच वर नेते. सरासरी काढताना हे दोन परिणाम एकमेकांना पुसून टाकतात आणि म्हणून भावना स्वतंत्र भासतात.

यानंतर रोजच्या नोंदींचा खटाटोप टाळणारी, लार्सन यांची ४० विधानांची प्रश्नावली रूढ झाली. तिच्यावर आक्षेपही आले: ती एकच गुण मोजते की सुखद तीव्रता, दुःखद तीव्रता आणि प्रतिक्रियाशीलता (घटनांनी मन किती सहज हलते) यांची मोट बांधते, यावर १९९० च्या दशकात बराच खल झाला. मला त्याहून विचित्र वाटते ती तिची उत्तरश्रेणी. 'कधीच नाही' पासून 'नेहमी' पर्यंतच्या सहा पायऱ्या वारंवारतेच्याच आहेत, म्हणजे जी गोष्ट कष्टाने वेगळी केली तीच मागच्या दाराने परत आली. शिवाय माझ्या भावना बहुतेकांपेक्षा तीव्र असतात, अशा आशयाचे एक विधानही तीत आहे. त्यावर खूण करणाऱ्याला इतरांच्या भावनांचा अंदाज त्यांच्या चेहऱ्यावरून आणि बोलण्यावरूनच बांधावा लागतो.