जास्वंदीची कीड आणि न छापलेलं पुस्तक

बाल्कनीतल्या जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरं, कापसाच्या बोळ्यासारखं काहीतरी धरलं होतं. बोटाने पुसलं तर चिकट. नावच माहीत नाही, तर शोधणार काय? शेवटी दिसलं तसं वर्णन एका चॅटबॉटला लिहून टाकलं. उत्तर लगेच आलं: मिलीबग, म्हणजे आपला पिठ्या ढेकूण. अंगावर मेणाचा थर असतो, त्यामुळे साधं पाणी ओघळून जातं. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि ते मेणावरही पसरतं, म्हणून साबणाचं पाणी मारा. एका कृषी विद्यापीठाच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहिलं, सगळं बरोबर.

मी खूश. विचारलं, या विषयावर मराठीत एखादं पुस्तक आहे का? तेही हजर! लेखक, शीर्षक, पुण्यातला प्रकाशक, साल. दोन दुकानं आणि एक ग्रंथालय पालथं घातल्यावर कळलं की असं पुस्तक कुणी लिहिलेलंच नाही.

दोन मिनिटांच्या अंतराने आलेली दोन उत्तरं, एक खरं, एक चक्क थाप, आणि दोन्हींचा सूर सारखाच ठाम. हे होतं कसं?

‘नाचता येईना’ एवढं वाचलं की ‘अंगण वाकडं’ तुमच्या डोक्यात आपोआप येतं. चॅटबॉटच्या पोटातलं भाषा-मॉडेल हेच काम करतं, फक्त अफाट प्रमाणावर. ते मजकुराचे लहान तुकडे करतं, त्यांना टोकन म्हणतात. आतापर्यंतची टोकनं पाहून पुढे कोणतं येण्याची शक्यता किती याचा हिशेब मांडायचा, एक निवडायचं, ते जोडायचं, की पुन्हा हिशेब. मागच्या कोणत्या शब्दाला किती वजन द्यायचं हे ठरवणारी ‘ट्रान्सफॉर्मर’ ही रचना गूगलच्या संशोधकांनी 2017 साली मांडली, आणि आजचे बहुतेक चॅटबॉट तिच्यावरच उभे आहेत.

आता माझे दोन प्रश्न पाहा. पांढरा कापूस, चिकटपणा, जास्वंद आणि मिलीबग हे शब्द बागकामाच्या असंख्य मजकुरांत शेजारी शेजारी आलेले असतात. ती वाट मळलेली आहे. पुस्तकाचं तसं नाही. एखादं मराठी पुस्तक इंटरनेटवर फार तर दोन-चार ठिकाणी उल्लेखलेलं असणार. पण ग्रंथसूचीतल्या नोंदीचा साचा, लेखक, शीर्षक, प्रकाशक, साल, हा मॉडेलने कोट्यवधी वेळा पाहिलेला. साचा पक्का, आत घालायला माल नाही. मग साच्यात शोभेल असं काहीतरी भरलं जातं. थाप मारतोय याचा त्याला पत्ताच नसतो.

2023 साली न्यूयॉर्कमध्ये विमानकंपनीविरुद्धच्या एका दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे कोर्टात सादर केले. त्यांतले सहा अस्तित्वातच नव्हते. 5,000 डॉलर दंड झाला. मला त्यातला वेगळाच तपशील बोलका वाटतो: वकिलाने चॅटबॉटलाच विचारलं होतं, हा खटला खरा आहे ना? तो हो म्हणाला. साक्षीदारालाच न्यायाधीश करण्याचा हा प्रकार. आताचे चॅटबॉट इंटरनेटवर शोधून दुवेही देतात, पण दुवा उघडून तिथे खरंच तसं लिहिलंय का हे आपणच पाहायचं.

म्हणून मी त्याच्याकडे सहसा उत्तर मागत नाही, शब्द मागते. ‘याला काय म्हणतात?’, ‘शोधायचं तर काय टाकून शोधू?’ पुढचा शोध माझा.

कल्पना सुचवायच्या बाबतीत गंमत उलटी आहे. आमच्या सोसायटीच्या गणपतीसाठी सजावटीच्या वीस कल्पना मागितल्या. पाणी वाचवा, झाडं लावा, किल्ला, पंढरपूर... चुकीचं काही नाही, पण शेजारच्या सोसायटीने विचारलं तर त्यांनाही हेच मिळणार. सर्वांत संभवनीय ते आधी येणार, हे गणितातच आहे. 2024 साली ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात एआयच्या कल्पना घेऊन लिहिलेल्या छोट्या गोष्टी वाचकांना एकेकट्या सरस वाटल्या, मात्र त्या एकमेकींसारख्या होत गेल्या. चॅटबॉटला अडचणी सांगितल्या की तो जरा बरा वागतो: छत आठ फूट, गेल्या वर्षीचे बांबू शिल्लक, बजेट तुटपुंजं. आणि आधी आपली यादी कागदावर लिहावी, मगच त्याची पाहावी, नाहीतर त्याच्या वाटेवरून आपली गाडी हलत नाही.

शिवाय तो हो ला हो करतो. माणसांनी कोणतं उत्तर पसंत केलं यावरूनही त्याला घडवलेलं असतं, आणि कौतुक कुणाला नको असतं! एप्रिल 2025 मध्ये तर एका सुधारणेनंतर चॅटजीपीटी इतका लोचट झाला की तो बनवणाऱ्या ओपनएआयला ती सुधारणा मागे घ्यावी लागली. मी माझी कल्पना ‘एका शेजाऱ्याची’ म्हणून सांगते आणि त्यातल्या खोडी काढायला लावते. शेजाऱ्याचं तो फारसं मनावर घेत नाही.

जास्वंदीचं पुढे काय झालं? साबणाचं पाणी मारून कीड गेली आणि पंधरा दिवसांत परत आली. खालच्या बागेतल्या माळीकाकांना फांदी दाखवली. ते फांदीकडे पाहायच्या आधीच म्हणाले, “ताई, कुंडीत मुंग्या आहेत का बघा.” होत्या, चांगली रांग लागली होती. पिठ्या ढेकणाच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, त्यासाठी मुंग्या त्याला सांभाळतात, त्याच्या शत्रूंना हुसकावतात. संध्याकाळी चॅटबॉटला मुंग्यांबद्दल विचारलं. त्याने हेच सगळं चार परिच्छेदांत, अगदी बिनचूक सांगितलं.