लिओ द लास्ट (चित्रपट)

लिओ द लास्ट हा ब्रिटिश दिग्दर्शक जॉन बूरमन यांचा १९७० साली प्रदर्शित झालेला इंग्रजी चित्रपट. पदच्युत राजघराण्याचा शेवटचा वारस पश्चिम लंडनमधल्या एका बंद गल्लीत राहायला येतो, समोरच्या गरीब काळ्या शेजाऱ्यांकडे दुर्बिणीतून पाहू लागतो आणि अखेर त्यांच्या बाजूने स्वतःच्याच घरावर चालून जातो, एवढीच त्याची गोष्ट. वर्ग, वर्ण आणि क्रांती हे तिन्ही विषय एका गल्लीत कोंबून केलेले हे उघडउघड रूपक आहे. वास्तववादी चित्रपट समजून पाहायला बसले तर माणसे अर्धवट आणि प्रसंग अतिरंजित वाटतात. बोधकथेसारखे किंवा दशावतारातल्या सोंगांसारखे पाहिले, तर मात्र त्याची गंमत कळू लागते.

मूळ कल्पना नाटकातली. बुडापेस्टमध्ये जन्मलेले नाटककार जॉर्ज टाबोरी यांच्या ‘द प्रिन्स’ या नाटकावरून बूरमन आणि बिल स्टेअर यांनी पटकथा लिहिली. अर्विन विंकलर व रॉबर्ट चार्टॉफ हे निर्माते, छायाचित्रण पीटर सुशित्झ्की यांचे, संगीत फ्रेड मायरो यांचे. लिओच्या भूमिकेत इटालियन नट मार्चेल्लो मास्त्रोयान्नी आहे. तोवर पडद्यावर रुबाबदार प्रियकर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या नटाला बूरमन यांनी आजारातून उठलेला, गोंधळलेला, स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा वावरणारा माणूस केले. परक्या भाषेतले त्याचे अडखळते बोलणे इथे उणे न ठरता पात्राच्या अंगाला बसते. बिली व्हाइटलॉ, कॅल्विन लॉकहार्ट, ग्लेना फॉर्स्टर-जोन्स, ग्रॅहम क्राउडन आणि व्लाडेक शेबाल हे इतर प्रमुख कलावंत.

रूपकाची सगळी मांडणी त्या गल्लीच्या आकारातच आहे. दोन्ही बाजूंना काजळलेल्या, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांच्या रांगा. एकेका घरात खोलीखोलीला वेगळे बिऱ्हाड. रस्ता जिथे संपतो तिथे आडवा उभा असलेला पांढरा वाडा लिओचा. गल्लीतल्या प्रत्येकाला येता-जाता तो दिसतो आणि त्याच्या खिडकीतून सगळी गल्ली दिसते. हा वाडा खरा नव्हता. टेस्टर्टन स्ट्रीट या खऱ्या रस्त्याच्या टोकाला त्याचा फक्त दर्शनी भाग उभारला होता. बूरमन यांनी रस्ता आणि घरे काळ्या-करड्या छटांत रंगवून घेतली, पात्रांचे कपडेही त्याच छटांतले ठेवले. चित्रपट रंगीत असूनही जवळजवळ कृष्णधवल भासतो, ते त्यामुळे.

लिओला पक्ष्यांचा नाद आहे, म्हणून दुर्बीण. सुरुवातीला ती आभाळाकडे असते. हळूहळू समोरच्या खिडक्यांवर उतरते आणि तिथेच खिळते. समोर सलांबो नावाची तरुणी, तिचे आईवडील, भावंडे आणि तिच्यावर जीव असलेला रॉस्को आहेत. दुर्बिणीतून माणूस जवळ दिसतो, पण त्याचे बोलणे कानावर येत नाही. लिओचे पुढचे सगळे घोटाळे या एका उणिवेतून होतात. त्या घरातली उपासमार पाहून तो कळवळतो आणि त्यांना भरपूर जिन्नस मिळण्याची व्यवस्था करतो. घरात एकदम अन्नाचा ढीग येतो, सगळे त्यावर तुटून पडतात आणि खाता खाता सलांबोचा बाप मरतो. लिओ हे सगळे पलीकडून भिंगातून पाहत असतो. उपास सोडताना हलके खावे हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असते. जन्मात कधी उपाशी न राहिलेल्याला ते कोण सांगणार? दानशूरपणावरची इतकी थोडक्यात आणि इतकी जिव्हारी लागणारी टीका पडद्यावर क्वचितच झाली असेल. चित्रपटातला सर्वांत पक्का प्रसंग हाच.

पुढे सलांबोवर हात टाकणाऱ्या गोऱ्या माणसाला बडवल्याबद्दल रॉस्को तुरुंगात जातो, सलांबो जास्पर नावाच्या दलालाच्या तावडीत सापडते आणि लिओ तिला आपल्या घरात आणतो. त्याच्या घरातही माणसांची वाण नाही. पैशाकडे डोळा ठेवून लग्नाची वाट पाहणारी वाग्दत्त वधू मार्गारेट आहे, तऱ्हेवाईक उपचार करणारा डॉक्टर आहे, गेलेले राज्य परत मिळवण्याची स्वप्ने पाहणारे राजनिष्ठ आहेत. या मंडळींच्या मेजवान्या बूरमन यांनी भडक व्यंगचित्रासारख्या रंगवल्या आहेत; गंमत येते, पण लवकर ओसरते. खरा घाव वेगळाच आहे. ज्या खोल्यांकडे पाहून लिओचा जीव तुटतो, त्या खोल्यांचा मालक तोच आहे. त्याचा वाडा, नोकरचाकर, औषधपाणी सगळे त्या बिऱ्हाडांच्या भाड्यावर चालते. हे कळल्यावर दुर्बीण बाजूला पडते आणि लिओ रस्त्यावर उतरतो. शेवटी गल्ली वाड्यावर चालून जाते, वाडा आगीत कोसळतो. जग काही बदलले नाही, आपली गल्ली तेवढी बदलली, अशा अर्थाच्या संवादाकडे चित्रपट येतो. त्यात समाधान किती आणि उपहास किती, हे बूरमन प्रेक्षकावर सोडतात.

हे भाड्याचे प्रकरण नाटकी वाटले तरी हवेतून आलेले नव्हते. चित्रीकरण झाले तो नॉटिंग हिललगतचा नॉटिंग डेल हा भाग एकोणिसाव्या शतकापासून कुंभारांच्या भट्ट्या आणि डुकरांचे वाडे यांसाठी कुप्रसिद्ध होता. १९४८ नंतर कॅरिबियन बेटांवरून कामधंद्यासाठी आलेल्या लोकांना लंडनमध्ये जागा मिळणे मुश्कील होते. काळ्यांना खोली मिळणार नाही, अशा पाट्या खिडक्यांत उघड लावलेल्या असत. नॉटिंग हिलच्या आसपास त्यांना खोल्या मिळत, पण अवाच्या सवा भाड्याने. १९५७ च्या भाडे कायद्याने रिकाम्या झालेल्या जागांवरचे भाडेनियंत्रण उठवले. मग जुन्या भाडेकरूला कसेही करून बाहेर काढायचे आणि त्याच जागेत नव्याला दामदुप्पट भाड्याने घालायचे, हा फायद्याचा धंदा झाला. या धंद्यातला पीटर राखमन इतका बदनाम झाला, की त्याच्या नावावरून इंग्रजीत ‘राखमनिझम’ असा शब्दच रूढ झाला. राखमन स्वतः पोलंडमधून परागंदा होऊन आलेला. परागंदा घरमालक आणि परदेशी भाडेकरू ही चित्रपटातली जोडी त्या रस्त्यांवर खरोखर नांदत होती.

१९५८ च्या ऑगस्टअखेर याच भागात गोऱ्या तरुणांच्या टोळ्यांनी काळ्यांच्या घरांवर हल्ले केले. दंगल सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालली. १७ मे १९५९ रोजी अँटिग्वाहून आलेल्या केल्सो कॉक्रेन या सुताराचा इथे रस्त्यात भोसकून खून झाला. त्या खुनासाठी कोणालाही शिक्षा झाली नाही. घर देताना वर्णभेद करणे ब्रिटनमध्ये बेकायदा ठरले ते १९६८ साली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये खासदार इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्ध गाजलेले आग ओकणारे भाषण केले. चित्रपट बनला तो या पार्श्वभूमीवर.

कान चित्रपट महोत्सवात १९७० साली बूरमन यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला, पण तिकीटबारीवर चित्रपट आपटला. दोन वर्षांनी ‘डिलिव्हरन्स’ने त्यांना मोठे यश दिले आणि ‘लिओ’ मागे पडला.

चित्रपटावरचा सर्वांत गंभीर आक्षेप त्याच्या दृष्टिकोनाबद्दल आहे. दुर्बिणीची चेष्टा करणारा हा चित्रपट स्वतः मात्र दुर्बीण पुरती खाली ठेवत नाही. रॉस्को आणि सलांबो यांच्या मनात काय चालले आहे हे आपल्याला फारसे कळत नाही. लिओच्या मनातली प्रत्येक चलबिचल कळते. उपाशी कुटुंब, तुरुंगात जाणारा तरुण, दलालाच्या हाती पडलेली मुलगी हे ठरीव साचे आहेत. क्रांतीदेखील गोऱ्या राजपुत्राला जाग आल्यावरच होते. भाडेकरूंना आपला मालक कोण हे कधीच कळले नसेल, असे मानणे भाबडेपणाचे आहे. भाडे भरणाऱ्याला ते सर्वांच्या आधी कळते.

खऱ्या नॉटिंग हिलला कुठल्या लिओची वाट पाहावी लागली नाही. ऑल सेंट्स रोडवर फ्रँक क्रिचलो यांचे मँग्रोव्ह नावाचे कॅरिबियन खाणावळवजा रेस्टॉरंट १९६८ पासून होते. पोलिसांच्या सततच्या धाडींना कंटाळून ९ ऑगस्ट १९७० रोजी तिथून निषेध मोर्चा निघाला आणि पोलिसांशी झटापट झाली. नऊ जणांवर खटला भरला गेला. त्यांपैकी डार्कस हाऊ आणि अल्थिया जोन्स-लकॉइंट यांनी कोर्टात आपली बाजू स्वतः मांडली. १९७१ च्या अखेरीस दंगलीच्या मुख्य आरोपातून नऊही जण सुटले आणि पोलिसांच्या वर्तनात वर्णद्वेष असल्याचा उल्लेख न्यायाधीशांच्या तोंडून भर न्यायालयात झाला.

‘लिओ’मध्ये बिप नावाच्या मुलाची भूमिका करणारा ब्रिन्सली फोर्ड पुढे १९७५ साली याच पश्चिम लंडनमध्ये निघालेल्या ‘अस्वाद’ या रेगे वाद्यवृंदाचा गायक झाला. अरबी मूळ असलेल्या या नावाचा अर्थ ‘काळा’. मराठी आस्वादाशी त्याचा संबंध नाही.

चित्रीकरण चालू होते तेव्हाच तो परिसर पाडण्याच्या यादीत होता. जवळूनच जाणारा वेस्टवे हा उन्नत महामार्ग जुलै १९७० मध्ये खुला झाला. टेस्टर्टन स्ट्रीटसह जुने रस्ते पुसून सत्तरच्या दशकात तिथे लँकेस्टर वेस्ट ही नगरपालिकेची वसाहत बांधण्यात आली. १४ जून २०१७ रोजी आग लागून ७२ माणसे दगावली, तो चोवीस मजली ग्रेनफेल टॉवर याच वसाहतीतला. त्याच्या पायथ्याशी असलेल्या ठेंगण्या, लांबलचक इमारतींपैकी एकीचे नाव टेस्टर्टन वॉक आहे. खोट्या वाड्याच्या त्या गल्लीचे एवढे नावच काय ते जागेवर उरले आहे. बाकीची गल्ली १०४ मिनिटांच्या या चित्रपटात पाहायला मिळते.