गूगलचे ते २० टक्के: खरं काय ते वाचा

गूगलमधे आठवड्यातला एक दिवस, म्हणजे कामाचा २० टक्के वेळ, स्वतःच्या आवडीचं काहीही करायला मोकळा मिळतो, असं कॉलेजच्या पोरांना अजूनही सांगतात आणि पोरं त्यावर स्वप्नं रंगवतात, म्हणून लिहितोय. २००४ मधे शेअर बाजारात येताना गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गे ब्रिननी गुंतवणूकदारांना जे पत्र लिहिलं त्यात हे २० टक्के आहेत, पण नीट वाचा, नेहमीचं काम सांभाळून वर हे, आणि तेही गूगलच्या फायद्याचं वाटेल असं काम. गूगल न्यूज त्यातूनच आलं, मान्य. पण तिथे १३ वर्षं काढलेल्या मरिसा मायर नंतर याहूच्या प्रमुख असताना स्पष्टच बोलल्या की हे खरं तर १२० टक्के आहे. म्हणजे जास्तीचे तास तुमचेच जाणार! ऑफर आली तर आधी मॅनेजरला हे विचारा रे.