राष्ट्रीय अभिलेखागारात संशोधन करायचंय? अर्ज, कागदपत्रे आणि मागणी-चिठ्ठी

आधुनिक भारताच्या राजकीय-सामाजिक इतिहासावर काम करणाऱ्याला आज ना उद्या दिल्लीच्या जनपथावरील राष्ट्रीय अभिलेखागाराची पायरी चढावी लागते. तिथे प्रवेश मिळवणे फारसे अवघड नाही. खरी कसोटी लागते ती फाइल मागताना.

पात्रतेचा आधार म्हणजे सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३. गोपनीयतेचा शेरा नसलेले, २५ वर्षांहून जुने आणि अभिलेखागाराकडे सुपूर्द झालेले दस्तऐवज प्रामाणिक संशोधकाला पाहता येतात. यातली शेवटची अट बहुतेक जण विसरतात. खात्याने फाइल पाठवलीच नसेल, तर ती कितीही जुनी असली तरी उपयोग नाही.

अर्ज विहित नमुन्यात करायचा. सोबत ओळखपत्र आणि विद्यापीठाचे किंवा मान्यताप्राप्त संस्थेचे शिफारसपत्र. 'आधुनिक इतिहास' असे मोघम पत्र आणू नका; विषय आणि कालखंड स्पष्ट लिहून घ्या. परदेशी नागरिकांनी पासपोर्ट आणि आपल्या दूतावासाचे परिचयपत्रही जवळ ठेवावे.

गाडीचे तिकीट काढण्याआधी अभिलेखागाराच्याच 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर नोंदणी करा. २०१५ पासून ते सुरू आहे. फाइलींची सूची घरबसल्या चाळता येते आणि कधी कधी हवी ती फाइल तिथेच स्कॅन केलेली सापडते, मग दिल्लीची खेपच वाचते.

वाचनकक्षात फाइल मिळते ती मागणी-चिठ्ठीवर. मिठाच्या सत्याग्रहाचे कागद हवेत, एवढे सांगून भागत नाही. गृह खाते, राजकीय शाखा, १९३० आणि पुढे फाइल क्रमांक, असा पूर्ण पत्ता द्यावा लागतो. त्याआधीच्या काळातले कागद 'ए', 'बी' आणि 'डिपॉझिट' अशा मालिकांत विभागलेले आहेत. तिथे महिना आणि मालिकाही लिहा, नाहीतर चिठ्ठी परत आलीच म्हणून समजा.

कधी चिठ्ठीवर 'एन.टी.' एवढीच दोन अक्षरे येतात. म्हणजे नॉट ट्रान्सफर्ड, फाइल इथे आलेलीच नाही. हुज्जत घालून काही होत नाही. त्याच विषयावर प्रांतिक सरकारशी पत्रव्यवहार झाला असेल तर त्याची दुसरी बाजू प्रांताच्या दप्तरात शोधा. मुंबई इलाख्यापुरते बोलायचे तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारातील गृह (विशेष) खात्याच्या फाइली पाहाव्यात. तिथला अर्ज वेगळा असतो, म्हणून शिफारसपत्राच्या दोन सहीशिक्क्याच्या प्रती आधीच करून घ्या.