गोळीच्या आधीचं पथ्य

रक्तदाबाचं निदान झालं की डॉक्टर गोळी लिहून देतात आणि आपण उठता उठता सांगतात, ‘मीठ कमी करा, रोज चाला.’ घरी पोहोचेपर्यंत गोळी तेवढी लक्षात राहते. पथ्य म्हणजे औषधाच्या शेपटाला बांधलेली सूचना, असंच आपण धरून चालतो. इतिहास मात्र उलटा आहे.

दंडाला पट्टा बांधून दाब मोजायची पद्धत इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये आणली. स्टेथोस्कोपने ठोके ऐकून वरचा आणि खालचा आकडा काढायची रीत १९०५ मध्ये रशियन डॉक्टर कोरोटकोव्ह यांनी दिली. मीठ तोडलं की दाब उतरतो, हे फ्रान्समध्ये आंबार आणि बोजार यांनी १९०४ मध्येच नोंदवलं होतं. तरीही कडक झालेल्या धमन्यांतून रक्त ढकलायला वाढीव दाब लागतोच, तो उतरवला तर घात होईल, असं मानणारे नामवंत डॉक्टर १९३० च्या दशकातही होते. १२ एप्रिल १९४५ ला अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट कोसळले, तेव्हा त्यांचा दाब ३००/१९० होता. त्यांच्यासाठीसुद्धा वैद्यकाजवळ विश्रांती, कमी मीठ आणि डिजिटॅलिस हे हृदयाचं जुनं औषध यापलीकडे फारसं काही नव्हतं.

त्याच काळात अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर नावाचे डॉक्टर रुग्णांना भात खाऊ घालत होते. केम्पनर ज्यू, नाझी जर्मनीतून बाहेर पडलेले. त्यांच्या पथ्यात बिनमिठाचा भात, फळं, फळांचा रस आणि साखर, एवढंच. दिवसभराचं सोडियम १५० मिलिग्रॅमहून कमी, म्हणजे अर्धा ग्रॅम मीठसुद्धा नाही. १९४२ मध्ये एका बाईंना त्यांनी दोन आठवड्यांनी परत यायला सांगितलं. त्यांच्या जर्मन वळणाच्या इंग्रजीमुळे बाईंनी दोन महिने ऐकलं आणि तेवढे दिवस नुसत्या भात-फळांवर काढले. परत आल्या तेव्हा दाब खूप उतरलेला, वाढलेलं हृदय एक्स-रेमध्ये लहान झालेलं. ज्यांच्या हाती काही महिनेच उरलेत असं मानलं जाई, असे रुग्ण या पथ्यावर सुधारले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण त्या घडीला दुसरा कुठलाच सोपा उपाय नव्हता.

पण असं अळणी किती दिवस खाणार? १९५८ मध्ये क्लोरोथायझाइडची गोळी बाजारात आली आणि पथ्य मागे पडलं. ही गोळी काय करते? मूत्रपिंडातून सोडियम बाहेर काढते. पथ्याने जे ताटात साधायचं, ते गोळीने लघवीवाटे साधलं.

मिठाचा प्रश्न पुन्हा वर आला तो लोकसमूहांच्या पाहणीतून. १९६० मध्ये लुईस डाल यांनी दाखवलं, की जिथे मीठ जास्त, तिथे उच्च रक्तदाबही जास्त. उत्तर जपानचे लोक या यादीत सगळ्यात वर होते. १९८८ च्या इंटरसॉल्ट अभ्यासात ३२ देशांतली ५२ केंद्रं होती, त्यांत दिल्ली आणि लडाखही. मीठ जवळजवळ न खाणाऱ्या ॲमेझॉनच्या यानोमामी लोकांचा सरासरी दाब ९६/६१ च्या आसपास भरला, आणि तो वयानुसार चढतही नव्हता. दाब वयाबरोबर वाढायचाच, हा समज तिथे हलला.

१९९७ च्या ‘डॅश’ या आहाराच्या चाचणीने मिठाला हातच लावला नाही. भाज्या, फळं आणि कमी स्निग्धांशाचं दूध-दही वाढवलं, एवढ्यावर उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा आठ आठवड्यांत ११ ने उतरला. २००१ मध्ये त्यात मीठही कमी केलं, तर तो आणखी खाली आला. वजनाचा हिशेब सोपा आहे: एक किलो उतरलं की वरचा आकडा साधारण एकाने उतरतो.

आपल्याला सगळ्यात जवळची वाटावी अशी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, चीनच्या ६०० खेड्यांतली. तिथेही आपल्यासारखंच, मीठ पोटात जातं ते मुख्यतः घरच्या स्वयंपाकातून. निम्म्या गावांत मिठाच्या डब्यात पाऊण भाग नेहमीचं मीठ आणि पाव भाग पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे सोडियम नसलेला खारट क्षार, दिलं. सुमारे पाच वर्षांत त्या गावांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी भरलं. गंभीर मूत्रपिंडविकार असलेल्यांना आणि पोटॅशियम साठवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना मात्र या चाचणीत घेतलंच नव्हतं. रक्तात पोटॅशियम साचलं तर हृदयाची लय बिघडते, म्हणून अशांनी ते मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नये.