सहासष्टांतली चव्वेचाळीस मतं

ओरेगन सिटी हे अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातलं, विलामेट नदीच्या धबधब्याला लागून वसलेलं गाव. १८५१ साली तिथे नगराध्यक्षाची निवडणूक झाली. मतं पडली ६६. आपल्याकडे हौसिंग सोसायटीच्या अध्यक्षालाही याहून जास्त पडत असतील. त्यांतली ४४ मिळाली पासष्टी ओलांडलेल्या, पांढऱ्याशुभ्र केसांच्या, सव्वासहा फुटांपेक्षा उंच अशा एका निवृत्त डॉक्टरला. त्याचं नाव जॉन मॅक्लॉक्लिन. गावाचे प्लॉट त्याने पाडलेले, गावाला नाव त्याने दिलेलं, आणि निवडणुकीच्या आदल्याच वर्षी वॉशिंग्टनच्या संसदेने खास त्याच्यासाठी एक कलम लिहून तिथली त्याची जमीन काढून घेतलेली. आपल्या भाषेत, सातबाऱ्यावरून नाव उडालं आणि त्याच गावाने त्याला खुर्चीत बसवलं. हा तिढा कसा पडला ते कळायला पन्नासेक वर्षं मागे जावं लागतं.

मॅक्लॉक्लिनचा जन्म १७८४चा, क्यूबेकमधल्या रिव्हिएर-द्यू-लू गावचा. चौदाव्या वर्षी तो क्यूबेक शहरातल्या डॉ. जेम्स फिशर यांच्या हाताखाली राहिला. तेव्हा डॉक्टरकी अशीच शिकायची असे, सुताराकडे पोऱ्या राहावा तशी. साडेचार वर्षांची उमेदवारी करून १८०३ साली त्याला वैद्यकीचा परवाना मिळाला. वय अजून एकोणीसही पुरं नव्हतं. मग शहर सोडून रानात का गेला? सांगतात ते असं: चिखलावर टाकलेल्या फळीवरून तो एका मैत्रिणीसोबत चालला होता, समोरून आलेल्या फौजी अधिकाऱ्याने तिला बाजूला ढकललं, आणि याने त्या अधिकाऱ्याला उचलून चिखलात बसवलं. गोष्ट खरी असो वा रंगवलेली, पुढच्या आयुष्यातला त्याचा स्वभाव पाहता अगदी शोभते.

नॉर्थ वेस्ट कंपनीने त्याला सुपीरिअर सरोवराकाठच्या ठाण्यावर डॉक्टर म्हणून पाठवलं. उन्हाळ्यात सगळे व्यापारी आणि नावाडी तिथे जमत, तेव्हा मोडलेली हाडं आणि चिघळलेल्या जखमा असत. हिवाळा लागला की पेशंट संपले. रिकाम्या वेळात डॉक्टर कातड्यांचा धंदा शिकला, इतका की १८१४ साली कंपनीचा भागीदार झाला. धंदा बीव्हरच्या कातड्यांचा. हा नदीनाल्यांत लाकडांचे बांध घालणारा, कुरतडून खाणारा प्राणी. त्याच्या लवीपासून फेल्ट बने आणि त्या फेल्टच्या टोप्या युरोपातल्या बड्या लोकांच्या डोक्यावर चढत.

या कंपनीची वैरीण होती हडसन बे कंपनी. इथे आपल्या मुलखाचा एक धागा येतो. दुसऱ्या चार्ल्स राजाने १६६८ साली मुंबई बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिलं. त्याच राजाने दोनच वर्षांनी, १६७० साली, हडसन उपसागराला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांचा मुलूख या दुसऱ्या कंपनीला सनद करून दिला. तो मुलूख त्याने पाहिला नव्हता आणि तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारलंही नव्हतं. 'कंपनी सरकार' म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

दोन्ही कंपन्यांची भांडणं गोळीबारापर्यंत गेली. १८१६च्या जूनमध्ये सेव्हन ओक्स इथल्या चकमकीत गव्हर्नर सेंपल धरून हडसन बेच्या बाजूची २१ माणसं मारली गेली. मॅक्लॉक्लिन तिथे पोहोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं, तरी इतर भागीदारांबरोबर त्यालाही अटक झाली. कैद्यांना नेताना सुपीरिअर सरोवरात होडी उलटली, कित्येक जण बुडाले; तो अर्धमेला होऊन काठाला लागला. केस पांढरे झाले ते तेव्हापासून, असं म्हणत. १८१८ साली यॉर्कमध्ये, म्हणजे आजच्या टोरांटोत, तो खटल्यातून निर्दोष सुटला. तीन वर्षांनी दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि ज्या कंपनीच्या माणसांच्या खुनाचा आरोप होता तिचाच तो नोकर झाला.

या नव्या कंपनीने १८२४ साली त्याला कोलंबिया विभागाचा मुख्य करून पाठवलं. रॉकी पर्वतापलीकडचा तो सगळा मुलूख १८१८च्या करारानुसार ब्रिटिश आणि अमेरिकी दोघांनाही खुला होता; म्हणजे सरकार कुणाचंच नव्हतं. कोलंबिया नदीच्या उत्तर काठावर १८२५ साली फोर्ट व्हँकूव्हर उभा राहिला आणि पुढची वीस वर्षं त्या भागात कायदा म्हणजे डॉक्टरचा शब्द. स्थानिक लोक त्याला 'पांढऱ्या डोक्याचा गरुड' म्हणत.

हे ठाणं नुसतं गोदाम नव्हतं. लाकडी तटाच्या आत लोहारकाम, बेकरी, दवाखाना. बाहेर गहू, गुरं, फळबाग. विलायतेहून एका पाहुण्याच्या बंडीच्या खिशातून आलेल्या सफरचंदाच्या बियांची गोष्ट तिथे अजून सांगतात. त्या काळातलं म्हणून जपलेलं एक झाड थेट २०२० साली मेलं. तटाबाहेरच्या वस्तीत फ्रेंच, गेलिक, हवाई बेटांची भाषा आणि सगळ्यांच्या भेळीतून झालेली चिनुक बोली चाले. १८३४ साली वादळात भरकटून किनाऱ्याला लागलेले आणि स्थानिकांच्या कैदेत सापडलेले तीन जपानी खलाशीही इथे आले. डॉक्टरने त्यांना सोडवून लंडनला पाठवलं. त्यांच्यामुळे जपानशी व्यापार उघडेल असा त्याचा हिशेब होता. दयाळूपणा आणि धंदा या माणसात कायम एकाच वहीत मांडलेले दिसतात.

कुटुंबाच्या बाबतीत मात्र हिशेब नव्हता. त्याची बायको मार्गेरीट वयाने त्याच्याहून मोठी, पहिल्या नवऱ्यामागे विधवा झालेली, आई स्थानिक आणि बाप स्विस. लग्न रानातल्या रिवाजाने झालेलं. कंपनीने ठाण्यावर एक पाद्री पाठवला. त्याचं आडनाव होतं बीव्हर; एवढं जुळवून आणायला कादंबरीकारही धजावला नसता. या बीव्हरसाहेबांनी १८३८ साली लंडनला पाठवायच्या अहवालात मार्गेरीटबद्दल हीन शब्द लिहिले. डॉक्टरने भर अंगणात पाद्र्याला लाथ घातली आणि त्याचीच काठी हिसकावून त्याला बडवलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमक्ष माफी मागितली. पाद्र्याने ती घेतली नाही.

आता सगळ्यात काळा भाग. १८३०च्या उन्हाळ्यात कोलंबियाच्या खालच्या खोऱ्यात थंडीतापाची साथ आली. दिवसाआड हुडहुडी भरायची, अंग भाजायचं, घाम सुटायचा. आज बहुतेक अभ्यासक तो हिवताप, म्हणजे मलेरिया मानतात. नदीकाठच्या लोकांचा संशय तेव्हा येऊन गेलेल्या एका अमेरिकी जहाजावर होता. ठाण्यावर दुसरा डॉक्टर नव्हता, म्हणून मुख्य अधिकाऱ्यानेच जुना पेशा पुन्हा हाती घेतला. कोयनेल होतं तोवर दिलं. ते संपल्यावर डॉगवूड झाडाच्या सालीवर भागवलं. ठाण्यातली बहुतेक माणसं तगली. बाहेरची नाही. त्या ऑक्टोबरमध्येच त्याने वरिष्ठांना कळवलं की आसपासचे तीन चतुर्थांश स्थानिक लोक दगावले आहेत. वनस्पती गोळा करत हिंडणाऱ्या डेव्हिड डग्लसने त्याच दिवसांत ओस घरं, उपाशी भुंकणारी कुत्री आणि वाळूत पडलेली प्रेतं पाहिल्याचं लिहून ठेवलं. साथ पुढचे तीन-चार उन्हाळे परतत राहिली आणि चिनुक व कलापुया लोकांची गावंच्या गावं संपली.

ओरेगनच्या कहाण्यांत 'रिकामी, सुपीक जमीन' असे शब्द वरचेवर येतात. ती रिकामी कशी झाली, ते असं.

कंपनीला त्या जमिनीवर शेतकरी नकोच होते. शेतकरी आले की बीव्हर जातो. वरिष्ठ जॉर्ज सिम्पसनचं धोरण तर असं की नदीच्या दक्षिणेचे बीव्हर साफ मारून टाका, म्हणजे अमेरिकी शिकारी इकडे फिरकणारच नाहीत. मॅक्लॉक्लिनने ते धोरण राबवलं. पण अमेरिकी आलेच. १८४३ साली ओरेगन ट्रेलने, म्हणजे पूर्वेकडून ओरेगनला येणाऱ्या लांबलचक गाडीवाटेने, नऊशेच्या आसपास माणसं बैलगाड्या घेऊन निघाली आणि पावसाळ्याच्या तोंडावर कोलंबियाच्या काठी येऊन अडकली, अर्धपोटी आणि फाटक्या कपड्यांत. डॉक्टरने होड्या आणि अन्न पाठवलं. मग बियाणं दिलं, अवजारं दिली, गुरं पोसायला दिली, आणि सगळं उधारीवर. माणसं उपाशी राहिली तर ठाणं लुटतील, ही भीती त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. पण नुसत्या भीतीपोटी कुणी एवढी खाती उघडत नाही. त्यांतली बरीच उधारी बुडाली. काहींनी ती फेडली तर नाहीच, उलट वर त्यालाच शिव्या दिल्या.

सिम्पसनशी त्याचं आधीच फाटलं होतं. एप्रिल १८४२मध्ये उत्तरेकडच्या स्टिकीन ठाण्यावर त्याच्या मुलाला, धाकट्या जॉनला, त्याच्याच हाताखालच्या कंपनीच्या माणसांनी गोळी घालून मारलं. सिम्पसन काही दिवसांत तिथे पोहोचला, चौकशी उरकली आणि पोराच्या दारूला व मारकुटेपणाला दोष देऊन मोकळा झाला. बापाने मग वर्षानुवर्षं जबान्या गोळा केल्या. लंडनला पाठवलेल्या पत्रांत व्यापाराच्या मजकुरामधून तोच विषय पुन्हा पुन्हा वर येतो. मालकांना त्याचा कंटाळा आला.

विलामेटच्या धबधब्यावर त्याने १८२९ सालीच हक्क सांगून ठेवला होता. पाण्याची एवढी ताकद म्हणजे पुढे गिरण्या येणार, हे त्याला दिसत होतं. १८४२ साली तिथे गाव आखलं, नाव ठेवलं ओरेगन सिटी. १८४४ साली त्याला नगराचा दर्जा मिळाला, रॉकी पर्वताच्या पश्चिमेला सगळ्यांत आधी. जमीन कंपनीची की डॉक्टरची, हा घोळ होताच. १८४५ साली त्याने चार हजारांहून अधिक पौंडांच्या हुंड्या कंपनीला पाठवल्या. सिम्पसनने त्या खुशाल वटवल्या: जमीन तुझी, पैसे आमचे, आता निघ. डॉक्टर धबधब्याकाठी दुमजली घर बांधून राहायला गेला. १८४६ साली सरहद्द ४९व्या अक्षांशावर ठरली, आणि कंपनीचा हा जुना माणूस अमेरिकी हद्दीत परका म्हणून उरला. वर कॅथलिक, आणि बायको मिश्र वंशाची.

शत्रू कमी नव्हते. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनवाल्या लोकांनी धबधब्यावर आपलाही दावा लावला होता. ओरेगनचा संसदेतला प्रतिनिधी सॅम्युएल थर्स्टन त्या गोटातल्या पाठिंब्यावर निवडून आलेला. १८५०चा जमीन-देणगी कायदा त्याने रेटला. स्थानिकांशी करार मंजूर होण्याआधीच त्यांची जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांना फुकट देणारा हा कायदा. जोडप्याला ६४० एकरपर्यंत. नागरिक व्हायचा इरादा नोंदवलेल्यालाही जमीन मिळे आणि मॅक्लॉक्लिनने तो मे १८४९मध्ये नोंदवला होता. सर्वसाधारण नियमाने तो बसत होता, म्हणूनच अकरावं कलम वेगळं घालावं लागलं. त्या कलमाने मॅक्लॉक्लिनची ओरेगन सिटीची जमीन विद्यापीठाच्या निधीसाठी ओरेगनच्या प्रादेशिक सरकारकडे वर्ग केली आणि मार्च १८४९नंतर त्याने विकलेले वा दिलेले प्लॉटही अडचणीत आणले. मोक्याचं एक बेट तेवढं वगळलं, कारण ते दुसऱ्यांच्या हातात होतं. शिक्षणाच्या नावाने जमीन हलवण्याची युक्ती आपल्याकडचीच आहे असं समजू नये.

त्याच १८५०मध्ये, कायदा व्हायच्या आधी, हा डॉक्टर गावातल्या कोर्टात साक्षीला उभा राहिला होता. तीन वर्षांपूर्वी मिशनरी डॉक्टर मार्कस व्हिटमन, त्याची बायको आणि इतर अकरा जणांना कायूस या स्थानिक जमातीच्या लोकांनी ठार केलं होतं. गोवराने कायूसांची मुलं पटापट जात होती, गोऱ्यांची बरी होत होती. औषध देणारा विष देतो, असा संशय पक्का झाला. मॅक्लॉक्लिनने साक्षीत सांगितलं की व्हिटमनला आपण कधीच सावध केलं होतं: पेशंट दगावला तर वैद्याला मारायची या लोकांत रीत आहे, तिथे राहू नका. बचावाच्या बाजूने हे महत्त्वाचं होतं. उपयोग झाला नाही. ३ जूनला पाच कायूसांना गावात फाशी दिली.

आणि मग १८५१ची ती निवडणूक. मतदारांत त्याच्याकडून प्लॉट घेतलेले होते, गहू नेलेले होते. कायद्याविरुद्ध अर्ज करून काही हललं नव्हतं. निदान मत तर देता येत होतं. थर्स्टन त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये घरी परतताना जहाजावरच वारला. मॅक्लॉक्लिनला नागरिकत्वही त्याच वर्षी मिळालं. नगराध्यक्षपद छोटंच आणि थोड्या काळाचं. त्याने जमीन काही परत आली नाही. घरातून त्याला कुणी हुसकावलं नाही, पण हक्काचा कागद नव्हता. चाळीस वर्षांपूर्वीच गोळी लागून मेलो असतो तर बरं झालं असतं, असं शेवटच्या दिवसांत त्याने एका तरुण वकिलाजवळ बोलून दाखवलं. हा वकील पुढे ओरेगनचा गव्हर्नर झाला.

३ सप्टेंबर १८५७ला तो वारला. पाच वर्षांनी विधिमंडळाने उरलेली जमीन हजार डॉलर भरून घेऊन वारसांना परत दिली.

घराचे पुढे हाल झाले. हॉटेल झालं, गिरणी कामगारांची खानावळ झाली. शेवटी धबधब्याकाठची ती जागा कागद गिरणीला हवी होती, म्हणून १९०९ साली अख्खं घर उचलून टेकडीवर नेलं. ठेवायला मोकळी जागा सापडली ती गावची सार्वजनिक बाग. गाव आखताना ती डॉक्टरनेच लोकांसाठी सोडली होती.